पदवीधर मतदार नोंदणी, उचगाव ते मतपेटी: पाचपैकी साडेतीन तारे

कर्नाटक विधान परिषदेच्या, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाच्या, वायव्य पदवीधर मतदारसंघात (इथं फक्त पदवीधरच मत देतात), म्हणजे बेळगाव, बागलकोट आणि विजापूर या तीन जिल्ह्यांत, मी नाव घातलं आणि मतदानही केलं. त्या सेवेचा हा अनुभव. कापलेला दीड तारा बहुतेक तारखांपायी गेलाय.

माझं माहेर शिनोळीच्या पलीकडं, चंदगड तालुक्यात. सासर बेळगावजवळचं उचगाव. बी.ए. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये मामंजींनी पेपरच्या आतल्या पानावरची नोटीस दाखवली, "पोरी, तुझी डिग्री आहे की, घाल नाव." विधानसभेचं मतदार कार्ड असलं की झालं, अशीच माझी समजूत होती. तसं नाही. पदवीधरांची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला कोऱ्या पानापासून होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा आपोआप येत नाही. त्यासाठी 'नमुना १८' हा अर्ज भरावा लागतो.

खिडकीवर पहिल्याच फेरीत मला परत पाठवलं. "महाराष्ट्राची डिग्री हितं चालत नाही." माझा चेहरा पडला. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, माणूस नवा होता. पण त्या एका वाक्यावर किती सुना-लेकी घरी गेल्या असतील, याचं मला आजही वाईट वाटतं. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात साफ लिहिलंय की भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची पदवी चालते. राहणं इथलं पाहिजे आणि ठरलेल्या तारखेआधी पदवीला तीन वर्षं झालेली पाहिजेत, बस्स. सीमेवरच्या घरात निम्म्या पदव्या कोल्हापूरच्या आणि निम्म्या धारवाडच्या. हे खिडकीवरच्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

दुसऱ्या फेरीत वयस्कर कारकून भेटले. कन्नड बोलणारे, पण माझ्याशी मराठीत बोलले. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यांनी लग्नाचा दाखला मागितला, मूळ पदवी उजेडात धरून पाहिली, झेरॉक्सवर सही केली आणि पोच दिली. वर हेही सांगितलं, "अक्का, घरातल्या एकानं बाकीच्यांचे अर्ज आणले तरी घेतो आम्ही." गठ्ठ्यानं अर्ज घेत नाहीत, पण कुटुंबाला ही सवलत आहे. आधी कळलं असतं तर ह्यांचा, धारवाडच्या पदवीचा, अर्ज मीच नेला असता आणि त्यांचा एक खाडा वाचला असता. त्या कारकुनांना माझे पाचच्या पाच तारे.

आता तारखा. तीन वर्षं मोजायची ती १ नोव्हेंबरपर्यंत. आमच्याकडं त्या दिवशी राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाची, सुट्टी, आणि मराठी माणसाचा काळा दिवस. २०२१ ला त्याच दिवशी वसुबारस होती आणि ४ तारखेला लक्ष्मीपूजन. अर्जाचे शेवटचे दिवस नेमके त्याच आठवड्यात. फराळ, पाहुणे, बंद झेरॉक्सची दुकानं. बाईमाणसानं केव्हा जायचं? पुरवणी यादीत नंतरही नाव घालता येतं, उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत, पण हे खिडकीवर कुणीच सांगितलं नाही.

विधान परिषद कधी बरखास्त होत नाही. ७५ जागांपैकी एक तृतीयांश दर दोन वर्षांनी रिकाम्या होतात, म्हणून प्रत्येक जागेची मुदत वेगळी चालते. आमची जागा जुलै २०२२ च्या सुरुवातीला रिकामी व्हायची होती. मुदत संपायच्या आधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अधिसूचना काढता येत नाही. म्हणजे भाषणं, पोस्टरं, फोन सगळं उन्हाळ्यात, आणि यादीचं काम त्याआधीच्या दिवाळीत, जेव्हा निवडणुकीचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. जाणती माणसं ज्यांना हाताला धरून नेतात त्यांचीच नावं लागतात. ही दवंडी गावच्या चावडीवर पिटायला पाहिजे.

मतदान १३ जून २०२२, सोमवार. शाळेची खोली, बाहेर भुरभुर. मतपत्रिकेवर चिन्ह नाही, नावं आणि फोटो असतात. यंत्र नाही, शिक्का नाही. अधिकाऱ्यांनी दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच लिहायचं. आपलं पेन वापरलं तर मत बाद. नावापुढं पसंतीचा आकडा घालायचा. पहिली पसंती पाहिजेच, पुढच्या तुमच्या मर्जीवर. अक्षरात 'एक' लिहायचं नाही, बरोबरची खूण करायची नाही. पण आकडा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नोंदलेल्या कुठल्याही भाषेतला चालतो. मी विचारलं, मराठीत लिहू? अधिकारी म्हणाले, "बरीरी अक्का," म्हणजे लिहा. मी सावकाश देवनागरी १ काढला, वरचा गोल नीट मिटवला, शेपूट खाली ओढली. जाड टोकाची शाई कागदात थोडी पसरली. सरकारी कागदावर इथं माझ्या लिपीतलं काही मोजलं जाईल, असं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं. घडी घातली तरी शाई फुटली नाही ना, हे मी दोनदा पाहिलं.

ही जागा पुन्हा २०२८ च्या जुलैत रिकामी होते, म्हणजे अर्ज २०२७ च्या ऑक्टोबरात. १ नोव्हेंबर २०२४ च्या आत ज्यांचा निकाल लागलाय ते बसतात. धाकट्या नणंदेचा त्याच साली जूनमध्ये लागला. तिच्या पदवीच्या दोन झेरॉक्स आणि एक फोटो मी पोचपावतीच्या फायलीत घालून ठेवलाय.