नव्या टायरचे बारा हजार

2024 च्या मार्चमध्ये नाशिकला एका डीलरकडून जुनी हॅचबॅक घेतली. 2015 चं मॉडेल. सौदा दोन लाख पंच्याऐंशीवर ठरत आला होता, तेवढ्यात त्याने बारा हजार वाढवून मागितले. का, तर "चारही टायर नवेकोरे टाकलेत साहेब, पाच वर्षं बघायला नको." टायर दिसायलाही तसेच होते. काळेभोर, खाचा खोल. मी इंजिनाचा आवाज ऐकला, एसी लावून बघितला, सर्व्हिस बुक चाळलं. टायरला मात्र नुसती लाथ मारून पाहिली. सगळेच मारतात, त्यातून काय कळतं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

झोंबतं ते हे, की तारीख कशी बघायची ते मला माहीत होतं. टायरच्या कडेला डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी वाकून शोधलेही होते. अक्षरं सापडली, आकडे नव्हते. "एक्स्पोर्टचा माल आहे, त्यावर नसतात," म्हणाला. मी मान डोलावली.

मे महिन्यात समृद्धीवरून नागपूरला लग्नाला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे हवा भरायला गेलो. त्यांनी सहज खाचेतून बोट फिरवलं आणि थांबले. "भाऊ, हे कातलेलं आहे."

मला शेजारी उकिडवं बसवून दाखवलं. खाचेच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजत त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. माझ्या टायरला ते उंचवटेच नव्हते. कातणं म्हणजे हेच: झिजून गोटा झालेल्या टायरवर नव्याने खाचा खोल पाडताना तेही कापले गेले होते. एका जागी तळातून तारेचं टोक चमकत होतं. काकांनी फडकं ओलं करून कड घासली. पॉलिश फडक्यावर आलं आणि खालून केसाएवढ्या भेगांचं जाळं दिसलं. मग जॅक लावून चाक काढलं. आतल्या बाजूला, स्वच्छ अक्षरांत: 4115. ऑक्टोबर 2015. हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात आणि डीलरने तीच बाजू आत घालून चारही टायर बसवले होते. उरलेल्या तिघांवर 4115, 0716 आणि 2214. शेवटचा तर गाडीपेक्षा म्हातारा!

स्टेपनी मूळची होती, कधी रस्त्याला न लागलेली. निदान ती तरी एका चाकाला लावू, असं मी म्हटलं तर काका हसले. रबर पडून राहिलं तरी कडक होतंच. टायरमध्ये भेगा रोखणारं मेण मिसळलेलं असतं, ते चाक फिरत राहिलं की वर येतं. उभ्या गाडीच्या टायरला ते मिळत नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याला दाखवायचे आणि दहा वर्षांवर, नक्षी कितीही असो, ठेवायचे नाहीत, असं टायर कंपन्याच सांगतात. त्यात स्टेपनीही आली. माझी नवाच्या घरात होती.

डीलरकडे गेलो. "गाडी बघूनच घेतलीत ना?" पावती काढून दाखवली. टायरचा उल्लेखच नव्हता, वर 'जशी आहे तशी' लिहिलेलं आणि खाली माझी सही. बारा हजारांतले तीन परत देतो म्हणाला. रागाने घेतले नाहीत. आता वाटतं, घ्यायला हवे होते.

लग्नाला बसने गेलो. आल्यावर पाच नवे टायर घातले, प्रत्येकाचे आकडे स्वतः वाचून. जुने दुकानाबाहेर ठेवले होते. भंगारवाला आला, उलटेपालटे करून म्हणाला, "पन्नासला एक. पण कापू नका, न कापलेल्याचे शंभर देतो."

काकांनी आतून पाना आणि सुरी आणली, आणि पाचही टायरच्या कडा माझ्यासमोर चिरून दिल्या.