शेवट ठरलेल्या कथा आणि न संपणारे चऱ्हाट

गेल्या काही वर्षांत विज्ञानकथा आणि कॉमिक्सच्या मोठ्या मालिकांतून जे जे आले, त्यातले बरेचसे मी चाहत्याच्या नेमाने पाहिले आणि वाचले आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याला कुठे थांबायचे आहे हे ज्या कलाकृतीला ठाऊक असते, ती वापरून गुळगुळीत झालेल्या विश्वातही जीव आणू शकते. जिला मात्र पुढच्या भागाची जाहिरात म्हणूनच जन्माला घातलेले असते, ती कितीही पैसा ओतला तरी पाणचटच राहते. पुढे कथानकांचे तपशील आले आहेत. ते आधीच कळायला नको असतील त्यांनी येथेच थांबावे.

या कसोटीवर मी 'स्टार वॉर्स'च्या विश्वातील 'अँडॉर' या मालिकेला सर्वांत वर ठेवतो. कॅसियन अँडॉर मरणार, हे २०१६च्या 'रोग वन' या चित्रपटातच दाखवून झालेले आहे. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जीव देऊन मिळवलेल्या, डेथ स्टार या ग्रह उडवून देणाऱ्या शस्त्राच्या आराखड्यांवरच १९७७च्या मूळ 'स्टार वॉर्स'ची कथा उभी राहते. म्हणजे शेवटाविषयीची उत्सुकता लेखकाच्या हाती मुळात उरतच नाही. मालिकेचे कर्ते टोनी गिलरॉय यांनी या अडचणीचेच भांडवल केले. स्वतःपुरते पाहणारा एक भुरटा माणूस मरायला तयार होण्यापर्यंत कसा पोचतो, एवढा एकच प्रश्न त्यांनी धरला आणि दोन पर्वांच्या चोवीस भागांत तो हातातून सुटू दिला नाही. ना जेडाय योद्धे, ना त्यांच्या लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारी. आहेत ते कारकून, हेर, बँकेतली खाती, घरातली भांडणे आणि बढतीसाठी धडपडणारे अधिकारी.

पहिल्या पर्वातील नार्किना फाइव्हचा तुरुंग हा या मालिकेचा कळस आहे, असे मला वाटते. कैदी अनवाणी आहेत, कारण पायाखालची जमीन हवी तेव्हा विजेचा झटका देते. प्रत्येक दालनात सात मेजे आणि मेजाला सात माणसे. बारा तासांच्या पाळीत सर्वाधिक काम करणाऱ्या मेजाला जेवणात चव मिळते आणि सर्वांत मागे पडलेल्याला झटका. पहारेकरी जवळपास दिसतच नाहीत, कारण हाकणारा आणि हाकला जाणारा दोघेही कैदीच आहेत. अँडी सर्किस यांनी रंगवलेला किनो लॉय हा असाच मुकादम आहे. आपली शिक्षा संपत आली आहे या हिशेबावर तो तगून असतो, आणि कोणाचीच सुटका होत नाही हे कळते त्या क्षणी त्याचा चेहरा ज्या रीतीने बदलतो, त्यासाठी तो भाग पुन्हा पाहावा. हे कैदी जे सुटे भाग जोडत असतात ते डेथ स्टारसाठीच होते, हे पर्वाच्या अगदी शेवटी, नामावली सरून गेल्यावर, एकाही संवादाविना दाखवले आहे.

मूळ बेत पाच पर्वांचा, दर पर्वाला एक वर्ष असा होता. तो आवाक्याबाहेरचा आहे हे लक्षात आल्यावर उरलेली चार वर्षे २०२५च्या दुसऱ्या पर्वात बसवण्यात आली: तीन-तीन भागांचे चार गट, आणि दोन गटांमध्ये वर्षभराची उडी. मधल्या काळात काय घडले हे कोणी समजावून सांगत बसत नाही. ते पात्रांच्या थकव्यावरून आणि एकमेकांशी बोलण्याच्या बदललेल्या सुरावरून ओळखावे लागते. गोरमनचे कथानक या रचनेचे उत्तम फळ आहे. ज्या ग्रहाच्या पोटातील खनिज आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या जुलमी साम्राज्याला हवे आहे, तेथील विणकर समाजाला आधी प्रचारातून बदनाम करायचे, मग त्यांच्यातील बंडखोरांना मुद्दाम मोकळीक द्यायची आणि शेवटी त्याच बंडाचे निमित्त करून कत्तल करायची, हा सगळा कट बैठकीच्या खोलीत, सभ्य स्वरात आखला जातो. दोष नाहीत असे नाही. पहिल्या पर्वाचे सुरुवातीचे तीन भाग म्हणजे नमनाला घडाभर तेल आहे, आणि दुसऱ्या पर्वाच्या आरंभी जंगलात आपसात भांडणाऱ्या बंडखोरांचा प्रसंग गमतीदार असला तरी फार लांबला आहे.

आता याच्या अगदी उलट टोक. 'लोगन' या चित्रपटाने २०१७मध्ये वुल्व्हरिन या मार्व्हलच्या नायकाला सन्मानाने मूठमाती दिली होती. २०२४च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने आरंभालाच ते थडगे अक्षरशः उकरले आणि त्यातील हाडांनी मारामारी केली. विनोद म्हणून मीही हसलो, परंतु त्यामागचा हिशेब लपत नाही. २०१९च्या चित्रपटात मरण पावलेल्या आयर्न मॅनचा अभिनेता आता डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून परत आणला जात आहे, हेही त्याच हिशेबात बसते. मल्टिव्हर्सची, म्हणजे अनेक समांतर विश्वांची, कल्पना वाईट नाही. पण कोणत्याही मृत्यूवर दुसऱ्या विश्वातील तोच माणूस हा उतारा तयार असेल, तर प्रेक्षकाने कोणासाठी म्हणून जीव टांगणीला लावायचा?

याच मार्व्हलच्या छत्राखाली २०२४मध्ये 'एक्स-मेन '९७' आली, हे मात्र कौतुकाने नोंदवले पाहिजे. १९९२ ते १९९७ या काळात चाललेल्या जुन्या अ‍ॅनिमेशन मालिकेचा धागा तिने तेथूनच उचलला. पाचव्या भागात, जन्मतः शक्ती लाभलेल्या म्युटंट लोकांच्या जेनोशा बेटावर हल्ला होतो आणि त्यांच्यातला गॅम्बिट स्वतःचा जीव देऊन हल्ला करणाऱ्या महाकाय यंत्राला उडवतो. जुन्या स्मृतींचा गोडवा तोवर पुरेसा पाजून झालेला असल्यामुळे तो घाव वर्मी बसतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये सर्वांत जास्त बोलावे असे काम म्हणजे फोर्टिश या फ्रेंच स्टुडिओने घडवलेली, 'लीग ऑफ लेजंड्स' या व्हिडिओ गेमवर आधारलेली 'आर्केन'. २०२१ आणि २०२४ अशा दोन पर्वांत, नऊ-नऊ भागांत ही कथा संपते. दुसऱ्या पर्वावर माझा आक्षेप असा की त्यात तीन पर्वांचा ऐवज कोंबला आहे. महत्त्वाची राजकीय स्थित्यंतरे एखाद्या गाण्याच्या तुकड्यात उरकली जातात आणि व्हिक्टर या संशोधकाचे रूपांतर समजून घ्यायला उसंतच मिळत नाही. तरीही सातवा भाग या सगळ्याची भरपाई करतो. एक्को एका पर्यायी जगात जाऊन पडतो, जेथे त्याची बालमैत्रीण पावडर हिची विध्वंसक जिंक्स झालेलीच नाही. त्या दोघांच्या नृत्यात चित्रचौकटी मुद्दाम कमी केल्या आहेत, त्यामुळे हालचाल अडखळत, आठवणीसारखी पुढे सरकते. एक्कोचे यंत्र काळ मागे नेते तेही फक्त चार सेकंद. मल्टिव्हर्स येथेही आहे, पण त्याला किंमत मोजावी लागते: ते सुखी जग सोडून त्याला परतावेच लागते.

स्पायडर-मॅनवरील अ‍ॅनिमेशनपटांच्या मालिकेतील दुसरा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', याबद्दल माझे मन अजून द्विधा आहे. ग्वेन या नायिकेच्या जगातील जलरंग तिच्या मनःस्थितीबरोबर ओघळतात, बदलतात. वडिलांशी तिचा समेट होतो तेव्हा मागची भिंत जणू पाझरू लागते. असे काही मोठ्या पडद्यावर क्वचितच पाहायला मिळते. शिवाय चित्रपटाचा विषयही नेमका आहे: प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला ठरलेले दुःख यायलाच हवे, हे मिगेल ओ'हारा या दुसऱ्या स्पायडर-मॅनचे शास्त्र नायक माइल्स नाकारतो. पण २०२३चा हा चित्रपट ऐन वळणावर तुटतो, आणि २०२४च्या मार्चमध्ये यायचा म्हणून सांगितलेला पुढचा भाग २०२७वर गेला आहे. ठरलेल्या साच्याविरुद्ध बंड करणाऱ्या चित्रपटाने मालिकेच्या साच्यापुढे मात्र मान तुकवावी, हे खटकते.

कॉमिक्सच्या बाबतीत दिवस बरे आहेत. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेटो यांच्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये पीटर पार्करला शक्ती मिळते ती दोन मुलांचा बाप झाल्यावर. बेनकाका जिवंत आहेत, मेरी जेन पत्नी आहे, आणि अंकागणिक कथेतही जवळपास महिनाभराचा काळ पुढे सरकतो. मारामारीपेक्षा जेवणाच्या टेबलावरची संभाषणे अधिक रंगतात. काही अंकांत तर तीच एवढी रंगतात की खलनायकांना वाट पाहावी लागते. याउलट स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगॉटा यांचा 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' पानापानावर धडका देतो. येथे ब्रूसकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, वाडा नाही, संपत्ती नाही. आई जिवंत आहे, वडील शिक्षक होते, आणि छातीवरचे वटवाघूळ उपसून काढले की त्याची कुऱ्हाड होते. ड्रगॉटा यांची रेषा इतकी धिप्पाड आहे की चौकटीत हा बॅटमॅन मावत नाही. कथानक अधूनमधून आरडाओरडीच्या आहारी जाते, पण पैसा काढून घेतल्यावर या माणसात काय उरते, या प्रश्नाचे उत्तर ते प्रामाणिकपणे शोधते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'अँडॉर' आधी आणि 'रोग वन' लगेच नंतर पाहावा. 'आर्केन'साठी मूळ गेम खेळलेला असण्याची काहीही गरज नाही. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' महिन्याला एकेक अंक घेण्यापेक्षा एकत्रित खंडात वाचावा, कारण त्याचा वेग तेथेच नीट कळतो. आणि 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग ज्यांनी अजून पाहिलेला नाही, त्यांनी तिसरा येईपर्यंत खुशाल थांबावे.