बीटी कपाशी की सेंद्रिय? निमाडात शेत असलेल्या इंदूरकरांसाठी

माझ्या आत्येभावाचं घर इंदूरला रामबागेत आणि शेत कसरावदजवळ. एप्रिल लागला की त्याच्याकडे दरवर्षी हाच वाद: बीटी, म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेली, बोंडअळीला स्वतःच मारणारी कपाशी लावायची, की सेंद्रियाकडे वळायचं? त्याच्याबरोबर बसून केलेला हिशेब इथे मांडतो.

आधी भीतीबद्दल. ‘बीटीचं विष पोटात जातं’ हे मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बीटीतलं प्रथिन अळीच्या क्षारयुक्त आतड्यात विरघळून तिथल्या विशिष्ट जागी चिकटतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ती चिकटायची जागाच नसते. देशात बीटी कपाशी 2002 पासून आहे आणि आज कपाशीचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र तिचंच. म्हणजे सरकीचं तेल आणि म्हशीपुढची कपास्या खली, म्हणजे सरकीची पेंड, बहुतेक तिच्यातूनच येते. तेव्हा घाबरून सेंद्रियाकडे जाऊ नका.

पण लोकांच्या संशयाला बाजारात किंमत आहे, हेही खरं. 2010 मध्ये जनसुनावण्यांनंतर बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, ती अजून उठलेली नाही. माळव्याच्या सोयापेंडीला युरोपात गिऱ्हाईक मिळतं, त्याचं एक मोठं कारण आपलं सोयाबीन जीएम (जनुक बदललेलं) नाही हेच. सेंद्रिय कापसाला जादा भाव मिळतो तो याच मानसिकतेतून.

आता बीटीचा जमाखर्च. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट 1,600 रुपयांच्या आसपास होतं. आता केंद्र सरकार कमाल किंमत ठरवतं. 2024 मध्ये 475 ग्रॅमला 864 रुपये होती. बियाणं हा खर्चाचा लहान भाग. खरा खर्च फवारणी आणि वेचणीच्या मजुरीचा. पहिल्या काही वर्षांत अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढलं. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देणं सोडलं. आपल्याकडे बीटी मुख्यतः संकरित वाणांत आली, त्यामुळे घरचं बी राखता येत नाही. त्यातले बरेच वाण लांब मुदतीचे. पाणी आहे म्हणून पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवलं, फरदड (जुन्याच झाडांवर पुन्हा पीक) घेतली, की अळीला वर्षभर घर मिळतं. माझ्या मते बीटीच्या दुखण्याचं मूळ तंत्रज्ञानापेक्षा या सवयीत जास्त आहे.

सेंद्रियाबद्दल सांगायला भक्कम आकडे आहेत, तेही निमाडातलेच. खरगोन जिल्ह्यात 2007 पासून सेंद्रिय पद्धती आणि बीटी शेजारी-शेजारी लावून प्रयोग चालला. पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत सेंद्रिय कपाशीचं उत्पादन 29 टक्के कमी आलं. दुसऱ्या फेरीत ते जवळपास बरोबरीला आलं, आणि सर्व पिकं मिळून सेंद्रियाचा ढोबळ नफा 25 टक्के जास्त निघाला, कारण खत-औषधांसारख्या निविष्ठांचा खर्च कमी. ती पहिली दोन वर्षं तुमचं घर सोसेल का, प्रश्न एवढाच. त्या काळात प्रमाणपत्र नसतं, म्हणजे सेंद्रियाचा भावही नसतो.

आणखी दोन अडचणी. बीटी नसलेलं चांगलं बियाणं शोधावं लागतं. आणि प्रमाणपत्रांवरचा विश्वास डळमळलाय: 2020 मध्ये भारतातल्या 20,000 टन कापसाची सेंद्रिय प्रमाणपत्रं बनावट निघाली. त्यामुळे प्रामाणिक शेतकऱ्याकडेही गिऱ्हाईक संशयाने बघतं, याचं मला फार वाईट वाटतं. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगाला मिळाली ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच केलेल्या कामातून. त्या इंदूरच्या परिसरात तरी असं व्हायला नको होतं.

गोठ्यात जनावरं नाहीत, शेत वाट्याने दिलंय, आपण महिन्यातून एकदा जातो, अशांनी बीटीच लावावी. वाण कमी मुदतीचा घ्या, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा, डिसेंबरअखेर रान मोकळं करा. गोठा भरलेला आहे, घरचं माणूस रोज शेतावर आहे आणि खरेदीदार भाव लेखी द्यायला तयार आहे, तर सेंद्रिय जरूर करा, पण आधी दोन एकरांवर. आत्येभावाला मी हेच सांगितलं. त्याच्याकडे गाई चार आहेत, लेखी भाव अजून हातात नाही. यंदा तो बीटीच लावतोय.