संख्याशास्त्राचा पहिला पेपर: गणित विभागाचा घ्यावा की आर-वाला?

बायोइन्फर्मॅटिक्सला (जीवशास्त्राचा डेटा संगणकाने तपासण्याचं शास्त्र) प्रवेश घेतला की संख्याशास्त्राच्या पहिल्या पेपरसाठी बऱ्याच ठिकाणी दोन पर्याय असतात. एक गणित विभागाचा: रँडम व्हेरिएबल, वितरणं, सेंट्रल लिमिट थिअरम, आणि फरक खरा की योगायोग ते ठरवणाऱ्या संख्याशास्त्रीय टेस्ट अगदी शेवटी. दुसरा जीवशास्त्रवाल्यांसाठी बेतलेला: पहिल्याच आठवड्यात आर (संख्याशास्त्रासाठीची संगणक भाषा) उघडायचं, फाइल वाचायची, आलेख काढायचा. पहिला अवघड नि दुसरा सोपा, असं सीनिअर सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

एकच प्रश्न दोन्ही वर्गांत कसा सुटतो ते पाहा. मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, साधारण ३ अब्ज अक्षरांचा (ए, सी, जी, टी). प्रत्येक अक्षर सरासरी ५ वेळा वाचलं जाईल इतकं सिक्वेन्सिंग केलं, तर एकदाही न वाचलेली अक्षरं किती राहतील? गणिताच्या वर्गात बायनॉमियल वितरणावरून पॉयसन वितरणावर यायचं आणि ‘ई’चा उणे पाचवा घात काढायचा: ०.००६७, म्हणजे जवळपास २ कोटी अक्षरं. सरासरी १० केली तर? तोच घात उणे दहा, उरतात सुमारे १ लाख ३६ हजार. खर्च दुप्पट, पण भोकं दीडशेपट कमी. लँडर आणि वॉटरमन यांनी १९८८ साली मांडलेला हिशोब हाच, आणि त्याला कागद-पेन्सिल पुरते.

आर-वाल्या वर्गात छोट्या जीनोमवर रीड्स (यंत्राने एका वेळी वाचलेले छोटे तुकडे) यादृच्छिक टाकून मोजतात. उत्तर तेच येतं. सरासरी १० चं हवं असेल तर कोड पुन्हा चालवायचा. पण नंतर खरी फाइल उघडली की तिथे पॉयसनपेक्षा जास्त भोकं दिसतात, कारण जी आणि सी ही अक्षरं जास्त असलेले भाग यंत्र नीट वाचत नाही. ‘रीड्स सगळीकडे सारख्याच शक्यतेने पडतात’ हे गृहीतक कुठे मोडतं, ते फळ्यावर दिसत नाही.

गणिताच्या पेपरची मोठी उणीव म्हणजे मल्टिपल टेस्टिंग. एका टेस्टचा सिद्धांत तिथे चोख होतो, पण आपल्याकडे एका झटक्यात २०,००० जीन तपासतात. एकाही जीनमध्ये खरा फरक नसला तरी पी-व्हॅल्यूला (फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ ही मर्यादा लावली तर हजारेक जीन ‘सिग्निफिकंट’ निघतील. अशा खोट्या निकालांना आवर घालणाऱ्या पद्धती, म्हणजे बॉनफेरोनी आणि १९९५ ची बेंजामिनी-हॉकबर्ग, दुसऱ्या पेपरात हमखास सापडतात.

दुसऱ्याची उणीव उशिरा कळते. आरएनए-सिक्वेन्सिंगच्या (कुठला जीन किती सक्रिय आहे ते मोजण्याच्या) आकड्यांना निगेटिव्ह बायनॉमियल वितरण का लावतात? पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरिअन्स (आकडे किती विखुरले आहेत त्याचं माप) सारखे असतात, पण वेगवेगळ्या नमुन्यांत पॉयसनची सरासरीच बदलते, म्हणून व्हेरिअन्स फुगतो. वितरणं नीट शिकलेल्याला हे दोन वाक्यांत पटतं. नुसता कमांड पाठ केलेला विद्यार्थी पॅकेजने इशारा दिला की अडतो. (इशारे न वाचता पुढे जाणारेही असतात, त्यांना कुठलाच पेपर वाचवू शकत नाही.)

माझा कल सांगतो. पुढे अलाइनमेंट (डीएनएच्या ओळी एकमेकींशी जुळवणं), हिडन मार्कोव्ह मॉडेल (दिसणाऱ्या अक्षरांवरून न दिसणारी अवस्था ओळखणारं) किंवा स्वतःची साधनं लिहायची असतील तर गणित विभागाचा पेपर घ्या. मल्टिपल टेस्टिंग सुट्टीत स्वतः शिकता येतं, संभाव्यता अशी शिकणं फार कमी जणांना जमतं. प्रयोगशाळेचा डेटा तपासायचा असेल आणि कॅल्क्युलस गंजलं असेल, तर दुसरा. मात्र त्यात टी-टेस्ट येण्याआधी संभाव्यतेला निदान चार आठवडे हवेत. कंडिशनल प्रॉबॅबिलिटी एका तासात उरकली असेल तर तो पेपर सोडा.

अभ्यासक्रमाच्या पत्रकावर दोन्ही भारदस्तच दिसतात, तेव्हा जुनी प्रश्नपत्रिका मिळवा. त्यात पी-व्हॅल्यूंचा हिस्टोग्राम देऊन ‘यावरून काय म्हणाल?’ असं विचारलं असेल तर शिकवणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक आहेत: सपाट आला तर फरकाचा पुरावा नाही, शून्याजवळ उंचवटा असेल तर काहीतरी आहे, आणि एकजवळ उंचवटा दिसला तर टेस्टच चुकली असावी.