डावखुऱ्या नातवाला मिळालेली बालवाडी (दांडिया बाजार, वडोदरा)

नातू ४ वर्षांचा, डावखुरा. आधीच्या शाळेत पेन्सिल उजव्या हातात कोंबायचे. शाळेचं नाव काढलं की पोर रडायचं. जूनपासून त्याला आमच्या गल्लीतल्या या छोट्या बालवाडीत घातलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही. कागदाचं वरचं टोक उजवीकडे कललेलं ठेवलं. डावखुऱ्यांची वेगळी कात्री असते, हे मला साठीत कळलं! लिहिण्याची घाई नाही. कणीक मळा, गहू वेचा, दोरीला चिमटे लावा. “आजी, बोटांत जोर येऊ द्या, अक्षर मागून येईल,” असं बाई म्हणाल्या. परवा त्याने सहा रुमाल दोरीवर वाळत घातले, डाव्या हाताने चिमटा दाबून, जीभ बाहेर काढून. एकही पडला नाही. माझे डोळे भरून आले.

वर्गात १८ मुलं, २ बाई. जिन्याचा कठडा मात्र लहानग्यांच्या हाताला येत नाही, तो खाली घ्यायलाच हवा, मी सांगितलंय. प्रवेशाआधी तासभर वर्गात बसू देतात, जरूर बसा.