लेह बेरी, करवंद की मेहरूणचं बोर?

पुतण्या सैन्यात आहे. सुट्टीवर येताना त्याने लेहहून सीबकथॉर्नच्या, म्हणजे लेह बेरीच्या, रसाची बाटली आणली. आंबट, केशरी, दाट. एक घोट घेतला आणि परसात हे झुडूप हवंच, असं मनाने घेतलं. ऑनलाइन दोन रोपं मागवली. जानेवारीत तरारली, मार्चअखेर पानं कडेने करपली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नुसत्या काड्या उरल्या.

पाणी कमी पडलं नव्हतं, चुकला तो मुलूख. हे झुडूप उणे चाळीसच्या आसपासची थंडी सोसतं, आणि हिवाळ्यात तशी कडक विश्रांती त्याला लागतेच. आपल्या जळगाव-भुसावळकडे थंडीत पारा आठ-दहावर आला की शेकोट्या पेटतात, आणि मे महिन्यात तो पंचेचाळीसला टेकतो. शिवाय त्याला नदीकाठची रेताड, निचऱ्याची जमीन आवडते. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन मुळं गुदमरवते.

समजा जगलंच, तरी नर आणि मादी झाडं वेगळी. सहा-आठ माद्यांमागे एक नर लावायचा, परागण वाऱ्यावर सोडायचं. बियांपासून केलेलं रोप नर की मादी, हे कळ्या दिसेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं, समजत नाही. आणि तोडणी! फळं आखूड देठाने काट्यांमध्ये फांदीला चिकटलेली, साल इतकी पातळ की बोटात धरताच फुटते. म्हणून काही ठिकाणी फळांसकट फांदीच कापून गोठवतात आणि मग झटकतात. घरच्या फ्रीजमध्ये हे जमायचं नाही.

आंबट फळ आणि काटेरी कुंपण दोन्ही हवं असेल तर करवंद लावा. एकाच फुलात नर-मादी भाग असल्याने जोडीची कटकट नाही, पहिली दोन वर्षं जपलं की पुढे पाणीही फारसं मागत नाही. कच्च्याचं लोणचं, पिकलेलं मेच्या सुमारास तोंडात. तोडताना देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात. हाताला आधी तेल लावा. बी मात्र ताजंच पेरायचं, ठेवलेलं उगवत नाही.

माझा कौल तरी बोराला. त्यातही आपल्या जळगावातल्या मेहरूणच्या बोराला, लहान, गोल नि गोड. उन्हाळ्यात ते पानं गाळून स्वस्थ बसतं, म्हणजे नेमकी आपली झळ झोपून काढतं. डोळा भरलेलं कलम घ्या, दोन-तीन वर्षांत फळ धरतं. एप्रिल-मेमध्ये छाटणी चुकवू नका, कारण बोरं नव्या फुटीवरच लागतात. जागा मात्र बरीच खातं, भिंतीपासून दहा-बारा फूट लांब लावा.

त्रास फळमाशीचा. पडलेली बोरं रोज वेचून खोल पुरायची, झाडाखाली ठेवली की अळी मातीत उतरते आणि पुढच्या माश्या तिथूनच निघतात. आणि बोर खाताना आधी फोडून बघायचं, आमच्याकडे पोरांनाही ती सवय लागली आहे.