तीन कॅनचं डीपी किट: तडा दाखवतं, खोली दाखवत नाही

डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट. किटमध्ये क्लीनर, लाल पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) आणि पांढरा डेव्हलपर (तो रंग बाहेर ओढून दाखवणारा थर). वेल्डवर उघडा पडलेला तडा शोधायला हे किट उत्तम, पण घाई केली तर तेच किट 'जॉब ओके' असं खोटंही सांगतं.

गडबड साफसफाईपासूनच सुरू होते. शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांचा मारा) केलं किंवा ग्राइंडर दाबून फिरवला की धातू लोळून तड्याचं तोंड बुजतं. मग लाल रंग आत शिरणार कुठून? त्यामुळे तेल, रंग, गंज काढा, क्लीनर पूर्ण उडू द्या आणि मगच पेनिट्रंट मारा. 10 ते 15 मिनिटं थांबा. थंडगार पत्र्यावर तो नीट शिरत नाही, 5 अंशांच्या खाली नकोच. जादा रंग आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग क्लीनरनं जेमतेम ओल्या केलेल्या फडक्यानं. क्लीनर थेट जॉबवर मारला की तड्यातला रंगही धुऊन जातो. ही चूक सर्रास होते.

डेव्हलपरचा कॅन आतली गोळी खडखडेपर्यंत हलवा आणि फूटभर अंतरावरून पातळ थर द्या. दाट थराखाली बारीक तडा लपतो. रेघ केसाएवढी उमटते आणि नंतर फुगते, म्हणून लगेच बघायला लागा. निकाल मात्र 10 मिनिटांनंतर लिहा.

आता उणीव. 600 मिमी व्यास, 10 मिमी जाडी आणि 10 बार दाब असलेली टाकी घ्या. परिघाच्या दिशेनं 30 मेगापास्कल ताण, लांबीच्या दिशेनं 15. म्हणजे टाकीच्या लांबीला समांतर तडा आडव्या तड्याच्या दुप्पट ताणानं उघडतो. दिशा आणि लांबी किट दाखवतं, खोली नाही. आणि टाकी गळणार की फाटणार हे दिशा, लांबी आणि खोली या तिन्हींवर मिळून ठरतं. चिवट स्टीलमध्ये आखूड, खोल तडा आरपार जाऊन आधी गळतो, निदान इशारा तरी मिळतो. लांब आणि उथळ तडा आरपार होईपर्यंत इतका लांबलेला असतो, की थेट फाटतच जातो. लाल रेघ खोलीबद्दल दोन्हीकडे गप्पच, त्यामुळे खोलीसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी लागतेच. आतल्या बाजूनं सुरू झालेला तडा तर बाहेरून मारलेल्या रंगाला दिसतच नाही.

रेघ दिसल्यावर 'हवा भरून बघू, गळतंय का' हा उद्योग नको. दाबलेल्या हवेत तेवढ्याच दाबाच्या पाण्याच्या कैक पट ऊर्जा साठते.

स्टेनलेससाठी कमी क्लोरीनचंच किट घ्या आणि बॅचचं सर्टिफिकेट मागून घ्या.